सावकाशराव आणि उलटी केबल

"शेवटचा एकच उरलाय," असं म्हणत दुकानदार काकांनी काचेच्या कपाटातून केबल टेस्टर काढला आणि काउंटरवर ठेवला. मी हात पुढे केला. त्याच क्षणी डावीकडून आणखी एक हात आला… आणि त्या छोट्याशा काळ्या डब्यावर आमची बोटं एकमेकांवर आपटली.

मी वळून पाहिलं. उंच, खांद्यातून किंचित वाकलेला, केसांतून पाणी ठिबकतंय. बाहेर पाऊस होता, आणि छत्री असूनही हा माणूस भिजला होता. छत्री त्यानं स्वतःवर नाही, पाठीवरच्या बॅगेवर धरली असणार. बॅग कोरडी होती.

"माझा आहे तो," तो शांतपणे म्हणाला.

"पैसे दिलेत?"

"नाही."

"मग तुमचा कसा?"

"मी तीनदा येऊन बघून गेलोय."

काका खो-खो हसले. "बघूनच जातात हे! आम्ही यांना सावकाशराव म्हणतो. साधी पिन घ्यायची तरी दोन फेऱ्या मारतात."

सावकाशराव अजिबात लाजले नाहीत. "तुम्हाला हाच कशाला हवाय?" त्यांनी मला विचारलं. "तो शेजारचा घ्या ना. त्यात सगळ्या तऱ्हेच्या केबली बसतात."

"बसतात, पण दोन्ही टोकं एकाच डब्यात खुपसावी लागतात. माझ्या केबली भिंतीतून गेल्यात. एक टोक एका खोलीत, दुसरं दुसऱ्या. त्या डब्यापाशी आणायची तर भिंत उचलून आणावी लागेल." मी टेस्टर उचलला आणि त्याचे दोन भाग ओढून वेगळे केले. "याचं हे अर्धं इकडे लावायचं, हे अर्धं तिकडे."

आता त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"बरोबर. पण हा लाल दिवा कशाचा आहे, सांगा."

"…चालू आहे म्हणून दाखवायला?"

"नाही. आतून अर्धवट तुटलेली तार नुसती लावून पाहिली तर ठणठणीत वाटते. हलवली की मगच आवाज जातो, पुन्हा येतो. पापणी लवेल एवढा वेळ जरी ती तुटली ना, तरी हा दिवा पेटतो, आणि पेटलेलाच राहतो. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे टेस्टर माझा."

"हे कळल्यावर तर मला जास्तच हवाय."

काका मध्ये पडले. आवाज एकदम खाली आणून ते त्याला म्हणाले, "घेऊ दे तिला. ते रेकॉर्डिंगवाले… जुनं माझं गिऱ्हाईक… हिचे वडील. गेल्या थंडीत वारले."

त्यानं डब्यावरचा हात मागे घेतला. हे मला नको होतं. गेले काही महिने लोक असेच हात मागे घेत होते, रांगेत जागा देत होते, आवाज खाली आणत होते.

"दया म्हणून नको," मी म्हणाले.

"दया कुठली? अट आहे माझी." तो गंभीरपणे म्हणाला. "माझ्याही केबली तपासून द्यायच्या. पोतंभर आहेत. आणि मधूनमधून चहा."

आम्ही दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहिलो. गावोगाव, रानोमाळ हिंडून आवाज टिपणं हे त्याचं काम. पक्षी, नद्या, म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी, काय म्हणाल ते. समोर रस्ता धुऊन निघत होता, दिव्यांची प्रतिबिंबं पाण्यात थरथरत होती…

"छान पडतोय," मी उगीच म्हणाले.

"मला नाही आवडत. माईकमधून ऐकलंत तर कुणीतरी कढईत काहीतरी तळत बसलंय असं वाटतं."

मला हसू आलं. पत्ता मी त्याच्या तळहातावर लिहिला, कारण त्याच्याकडे कोरडा कागद नव्हता.

*

बाबांचा स्टुडिओ म्हणजे आमच्या घरामागच्या दोन खोल्या. एकीत गाणारे, दुसरीत बाबा. मध्ये जाड दुहेरी काच. भिंतींना करड्या रंगाचा जाड नमदा. त्या खोल्यांत शिरलं की आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो.

बाबा गेल्यावर आईनं त्या खोल्यांना कुलूप घातलं नाही, पण आतही गेली नाही. पलीकडच्या गल्लीतल्या शिकवणीच्या बाईंना मुलांसाठी जागा हवी होती. त्यांनी आईला विचारलं, आईनं मला. मी एका छापखान्यात प्रुफं तपासते. स्टुडिओ चालवणं हे काही माझं काम नव्हे. पण लहानपणी बाबांच्या शेजारी बसून सोल्डरिंग शिकले होते, आवाज मिसळायच्या मिक्सरवर हात फिरवायला शिकले होते, आणि त्या खोलीत बाकं मांडलेली मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हती.

बाबांनी कबूल केलेलं एक रेकॉर्डिंग राहिलं होतं. दोन बहिणी, दोघी सत्तरीच्या पुढच्या, लहानपणापासून जोडीनं गाणाऱ्या. धाकटी आता मुलाकडे दूरदेशी कायमची निघाली होती. त्याआधी दोघींची गाणी एकदा टिपून ठेवायची होती.

"हे एक होऊ दे," मी आईला म्हटलं. "नीट झालं तर खोल्या ठेवू. नाही झालं तर बाईंना होकार दे."

आई एवढंच म्हणाली, "बघ. तुझ्या बाबांच्या केबली कुरकुरतात हल्ली."

*

शनिवारी दुपारी सावकाशराव आले. खरंच पोतं घेऊन.

मी गाण्याच्या खोलीत टेस्टरचं एक अर्धं धरून, तो काचेपलीकडे दुसरं. मी भिंतीतल्या एकेका खोबणीत माझं अर्धं लावायचं, तो पलीकडे केबलीतल्या तीन तारांचे तीन दिवे बघून बोलायचा. माझ्या बाजूच्या छोट्या स्पीकरमधून त्याचा आवाज यायचा.

"एक… दोन… तीन. उत्तम. पुढची."

"हलवू?"

"हलवा. हळू… आणखी. अं… अशी नाही. मांजराला जागं न करता शेपूट हलवायची, तशी."

"तुम्ही कधी हलवलीय?"

"शेपूट? नाही. ओरखडे मात्र आहेत."

काचेत त्याचं हसू आणि माझं प्रतिबिंब एकावर एक पडत होतं. मी नजर वळवली.

चौथ्या खोबणीला लाल दिवा पेटला. पुढची ठणठणीत. मग सुट्या केबली काढल्या, त्याच्या आणि आमच्या. वाईट निघाल्या त्या एका बाजूला. त्याला प्रत्येक केबल गुंडाळायला इतका वेळ लागायचा की मला आधी राग आला, मग कंटाळा, आणि मग… मी त्याची बोटंच बघत बसले. एक वळसा वरून, एक आतून. केबलीला पीळ पडू नये म्हणून बाबाही तसंच करायचे.

"खुर्ची फार खाली आहे तुमची," पलीकडून तो म्हणाला. "मिक्सरवर हात ठेवायचा तर कोपर कानाशी येतंय."

"बाबांची आहे. राहू दे."

"राहू दे," तो लगेच म्हणाला.

भिंतीतून आवाज नीट जातोय का बघायला मी एक माईक जोडला आणि तेवढ्यात आई चहा घेऊन आत आली. किती दिवसांनी आली होती त्या खोलीत! तिनं भिंतींकडे पाहिलंच नाही, सरळ काचेकडे पाहिलं.

"हाच का तो?" ती कुजबुजली. "दिसायला बरा आहे. जरा वाळका आहे, पण भरेल. लग्न झालंय का त्याचं?"

"आई, मला काय माहीत!"

"मग इतका वेळ दोघं बोलताय काय?"

"केबलींबद्दल!"

"केबलींबद्दल माणूस असं हसत नाही. तुझे बाबा माझ्याशी वर्षभर केबलींबद्दलच बोलले होते. नंतर कळलं मला."

मी काचेकडे पाहिलं. पलीकडे तो कानाला हेडफोन लावून बसला होता, मान खाली घालून, आणि त्याचे कान… ते लालबुंद झाले होते. माझी नजर माईककडे गेली. माईक चालू होता.

छोटा स्पीकर खरखरला.

"नाही झालं," तो आवाज म्हणाला. "आणि काकू, चहा मला इकडे मिळेल का?"

आई इतकी हसली की कपातला चहा बशीत सांडला. मी मात्र त्या नमद्याच्या भिंतीत शिरायला जागा आहे का बघत होते.

संध्याकाळी शेवटच्या केबली उरल्या. त्यातल्या एकीला टोकाशी पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. टेस्टरला लावली, आणि दिवे क्रम सोडून पेटले. एक… तीन… दोन.

"आतल्या दोन तारा उलट जोडल्यात," तो म्हणाला.

"बाबा असं करणार नाहीत."

"होतं कधीकधी. वय झालं, डोळे—"

"त्यांचे डोळे चांगले होते."

त्यानं केबल टेस्टरमधून काढली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"चुकलो," तो म्हणाला. "नको हात लावायला. ठेवू तशीच."

"नाही. करा सरळ. चूक ती चूक." माझ्यातली प्रुफं तपासणारी बोलली. पांढरी पट्टी मीच सोलून काढली. त्यानं जुनं सोल्डर वितळवलं, तारा सोडवल्या, सरळ जोडल्या. राळेचा गोडसर जळका वास खोलीभर पसरला. टेस्टरचे दिवे आता ओळीनं पेटले. एक, दोन, तीन.

सगळं कसं जिथल्या तिथे.

*

रेकॉर्डिंगच्या सकाळी आभाळ भरून आलं होतं, पण थांबून होतं. बहिणी आल्या त्या भांडतच.

"तू माझ्या आधी श्वास घेतेस," थोरली.

"घेऊ नको तर काय करू, ताई? तुझी परवानगी मिळेपर्यंत मरू?"

सावकाशराव त्यांच्या आधीच येऊन बसले होते. "मला बोलावलं नव्हतं," ते आईला सांगत होते, "पण माझ्या केबली इथे राहिल्यात." केबली त्यांच्या बॅगेत दिसत होत्या. आईनं त्यांच्यापुढे नाश्ता ठेवला.

दोघींना मी दोन माईक दिले. धाकटीला नवा, थोरलीला बाबांचा जुना, जाळीचा सोनेरी रंग उडालेला. दोघींनी हेडफोन लावले. थोरलीचा माईक एकटा ऐकला: सुंदर. धाकटीचा एकटा: सुंदर. मग दोन्ही एकदम उघडले… आणि आवाज पातळ झाला. पोकळ. जणू दोघी नळात तोंड घालून गात होत्या. दोघींच्या आवाजाचं सारं अंग कुणीतरी काढून घेतलं होतं आणि नुसती कड ठेवली होती.

धाकटीनं हेडफोन काढले. "असा आहे का गं माझा आवाज?"

"नाही, नाही. थांबा जरा…"

आम्ही केबली बदलल्या. टेस्टर लावला. एक, दोन, तीन. सगळं बरोबर. हलवून पाहिलं, लाल दिवा नाही. पुन्हा दोन्ही माईक उघडले. तेच.

थोरली हळूच म्हणाली, "हिचं विमान परवा आहे, बाळ. आज जमेल ना?"

मी बाबांच्या खोलीत परत आले. शिकवणीच्या बाई दुपारी जागेची मापं घ्यायला येणार होत्या. येऊ देत, मनात आलं. बाकं मांडू देत.

"सगळ्या केबली बरोबर आहेत," सावकाशराव पुटपुटत होता. "एकही चूक नाही. मग का?"

आमच्या छापखान्यात एक रीत आहे. मजकुरात काही खटकलं तर आपण होऊन दुरुस्त करायचं नाही. समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि लेखकाला विचारायचं. कारण कधीकधी ते चुकून झालेलं नसतं, लेखकानं जाणूनबुजून तसं लिहिलेलं असतं. इतकी वर्षं मी अनोळखी लेखकांच्या समासात प्रश्नचिन्हं काढत आले. माझ्या बाबांच्या केबलीला मात्र एकही काढलं नाही.

"ती पट्टीवाली," मी म्हणाले. "ती चूक नव्हती."

"म्हणजे?"

"केबल उलटी होती, कारण माईक उलटा आहे. हा जुना माईक आतूनच उलट जोडलेला असणार. दोन उलटे मिळून सुलटं. म्हणून पट्टी होती. हीच केबल, याच माईकला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "हवेचा धक्का आला की एक माईक आत म्हणतो, दुसरा बाहेर. एकेकटे ठीक. एकत्र आले की एकमेकांना खोडून काढतात." त्यानं कपाळावर हात मारला. "मी तुमच्या बाबांचं काम उपटून टाकलं."

"मी सांगितलं म्हणून."

"तरी पण."

दारात आई उभी होती. "तो माईक आमचं लग्न झालं त्या वर्षीचा," ती म्हणाली. "उलटा आहे हे त्यांना ठाऊक होतं. एकदा उघडला तर आतली तार केसासारखी बारीक. म्हणाले, आता पुन्हा उघडला तर हा मरेल. त्यापेक्षा आपण याच्या कलानं घेऊ."

मग सावकाशराव म्हणाला, "कॉम्प्युटरमध्ये एका बटणात सरळ होईल. पण बहिणींच्या कानात आवाज या जुन्या मिक्सरमधून जातो, आणि याला ते बटणच नाही. कानात असं पोकळ ऐकू आलं तर त्या गाणार कशा? मी पटकन सोल्डर करतो."

"नाही, मी करते. तू धर फक्त."

तू. तोंडातून निघून गेलं. त्यानंही ते ऐकलं, पण केबल घट्ट धरली आणि मान खाली घातली. आमची डोकी इतकी जवळ होती की त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. वितळलेल्या सोल्डरचा चकचकीत थेंब तारेवर बसला, निवला, करडा झाला. दुसरा… माझा हात हलला नाही. बाबांनी केलं तसंच, पण बाबांचं नव्हे. माझं.

"दिसायला बाबांच्या सोल्डरपेक्षा ओबडधोबड आहे," मी म्हणाले.

"मी नाही म्हणणार. परवा एकदा त्यांच्या डोळ्यांवरून बोललो, तेवढं पुरे."

खुर्चीत बसले. काचेतून थोरलीचे डोळे नीट दिसत नव्हते. मी खालचा दांडा ओढला आणि खुर्ची वर घेतली. कोपर मिक्सरवर आलं. दोन्ही माईक उघडले.

"गा," मी म्हणाले.

आणि दोघी गायल्या. भरलेला, गोल, एकमेकांत मिसळलेला आवाज. कुठे थोरली संपते आणि कुठे धाकटी सुरू होते ते कळेना. आई दाराला टेकून ऐकत होती. पदराचं टोक तिच्या मुठीत होतं. एका कडव्यात धाकटीनं खरोखरच आधी श्वास घेतला, आणि थोरलीनं तिच्याकडे असा कटाक्ष टाकला की सावकाशरावाला हसू आवरेना. आम्ही तो श्वास तसाच ठेवला.

*

दुपारी शिकवणीच्या बाई आल्या, हातात मोजपट्टी. बहिणी नुकत्याच गेल्या होत्या, एकमेकींचे हात धरून, सगळ्यांचे खिसे आशीर्वादांनी भरून.

"बाई, माफ करा," मी म्हणाले. "खोल्या द्यायच्या नाहीत. इथे काम चालू आहे."

बाईंनी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे. मग ती बाईंना म्हणाली, "या, चहा तरी घ्या. वरच्या मजल्यावरची जागा बघू, ती रिकामी पडलीय." आणि दार लावून घेतलं. पूर्ण. जे दार आमच्याकडे कधीच पूर्ण लावत नाहीत.

तो केबली गुंडाळत होता. एक वळसा वरून, एक आतून.

"पुढच्या आठवड्यात मी डोंगरात जातोय," तो म्हणाला. "पहाटेचे पक्षी टिपायला."

"बरं."

"तिथे ना… कधीकधी हेडफोनमध्ये काहीतरी सुंदर येतं. लांबचा एखादा पक्षी, धुक्यातून… आणि मी मागे वळून बघतो. कुणाला तरी द्यावेत हेडफोन, ऐक म्हणावं. मागे कुणी नसतं. दरवेळी नसतं, तरी दरवेळी वळतो."

त्यानं केबल खाली ठेवली.

"काल नदीवर गेलो होतो. वळलो. आणि पहिल्यांदाच कळलं, आपण कुणाला शोधतोय ते." तो थांबला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. "तू नव्हतीस. तर… येशील?"

खिडकीबाहेर आभाळ मोकळं होत होतं. मला उत्तर माहीत होतं.

"रविवारी येईन," मी म्हणाले. "सोमवारपासून स्टुडिओ उघडा ठेवायचाय. पण मला पहाटे जाग येत नाही. सांगून ठेवते."

"मी हाक मारीन."

"आणि तरी नाही आली तर?"

"आणखी एक मारीन."

"मग मी पहिल्या हाकेला उठणारच नाही," मी म्हणाले.